मायच्या मुठीचा जोर



रानातली नोंद आधी उरकतो. सोयाबीन निघालं. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे, पण माणसं मिळेनात म्हणून घरचेच तिघं लागलोत. तूर फुलात आहे, दोन दिवस सकाळी धुई पडली, त्यामुळं फूलगळीवर लक्ष ठेवायलोय. ज्वारी चांगली उगवली, गुडघ्याला आली.

आजचं लिहिणं मात्र पिकाचं नाही. आषाढात माय दवाखान्यात होती. तेव्हापासून गावातले, पाहुण्यातले बरेच जण विचारतात, "माय कशी आहे? अन् ते हातात कापडाचा गोळा दाबायचं काय काढलंय?" प्रत्येकाला अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवतो. ज्यांच्या घरी सत्तरीच्या पुढचं माणूस आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

माय कागदावर ७८ वर्षांची आहे. खरं वय दोन-चार इकडं तिकडं. लहानपणी जात्यावरचं दळण, लग्नानंतर कापूस वेचणी, शेंगा तोडणी, आणि रब्बीला ज्वारी उपटणं. नव्या पोरांना ज्वारी उपटणं म्हणजे काय ते सांगतो. काळी जमीन वाळून भेगाळलेली असते. ताट बुडाशी मुठीत धरायचं, हिसका द्यायचा, मुळासकट वर काढायचं. दिवसभर तेच. संध्याकाळी तळहात फोडानं भरलेला. मायनं पात धरली की बरोबरीच्या बाया मागं राहायच्या. पेरणीला चाड्यावर मूठ धरायची तर तीच. बी कुठं दाट नाही, कुठं विरळ नाही.

तीच माय आषाढात रात्री आडवी झोपू शकत नव्हती. पाय सुजले, दम लागायला लागला. परभणीला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, बीपी बरीच वर्षं वाढलेलं आहे, हार्टचं पंपिंग कमी झालंय. नऊ दिवस खाटेवर होती. गोळ्यांनी पाणी उतरलं, दम कमी झाला, घरी आणलं.

घरी आल्यावर वेगळंच दिसायला लागलं. दम नव्हता, पण हातातून तांब्या निसटायचा. नळाची तोटी फिरायची नाही. गोळ्यांचं पाकीट फोडायला नातीला हाक मारायची. संडासाची कडी लागायची नाही, म्हणून दार उघडं ठेवून कोणाला तरी बाहेर उभं करायची. ही गोष्ट तिला सगळ्यात जास्त लागली. दम लागल्याचं तिनं कधी रडून सांगितलं नव्हतं, कडीचं सांगताना डोळ्यात पाणी आलं.

पुढच्या तपासणीला हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी फिजिओथेरपीवाल्या ताईंकडं पाठवलं. ताईंनी मायच्या हातात एक यंत्र दिलं. त्याला डायनॅमोमीटर म्हणतात. मुठीत धरून दाबायचं, किती किलोचा जोर लागला ते काटा दाखवतो. मायचा आकडा आला ९ किलो. गंमत म्हणून मी दाबलं, माझा ३८ आला. बायकोचा २४.

ताईंनी सांगितलं, आपल्या आशिया खंडातल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये हद्द ठरवली आहे. पुरुषाचा जोर २८ किलोच्या खाली आणि बाईचा १८ च्या खाली गेला तर स्नायू कमी पडायलेत असं समजायचं. माय त्या हद्दीच्या निम्म्यावर होती.

मी विचारलं, "ताई, दुखणं हार्टचं, मग हात कशाला मोजता?"

त्याचं उत्तर त्यांनी दिलं, त्यावर नंतर मी पण बरंच वाचलं. जे समजलं ते आपल्या भाषेत मांडतो.

२०१५ साली 'लॅन्सेट' नावाच्या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात एक अभ्यास छापून आला. 'प्युअर' म्हणतात त्याला. १७ देशांतली जवळपास १ लाख ४० हजार माणसं, वय ३५ ते ७०, शहरातली आणि खेड्यातली. आपला भारत पण त्यात होता. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून हे काम चालतं, आणि ते उभं करणारे डॉ. सलीम युसूफ मूळचे केरळचे. सगळ्यांची मूठ मोजली आणि साधारण चार वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. दिसलं असं, की मुठीचा जोर ५ किलोनं कमी असला की मरणाचा धोका १६ टक्क्यांनी जास्त, आणि हृदयाच्या, रक्तवाहिन्यांच्या आजारानं मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. माणूस दगावेल का याचा अंदाज बीपीच्या वरच्या आकड्यापेक्षा मुठीनं जास्त चांगला दिला.

१६ टक्के म्हणजे शंभरातले सोळा मेले असं नाही, हे नीट समजून घ्या. समजा एका गटात शंभरातली सहा माणसं दगावणार असतील, तर मूठ ५ किलोनं कमी असलेल्या तशाच गटात ती सातच्या आसपास होतील. घाबरायचं कारण नाही, पण दुर्लक्ष करायची पण गोष्ट नाही.

आपल्या देशात पण अशी मोजणी झाली आहे. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिनं २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांच्या पुढच्या माणसांची देशभर पाहणी केली, ७२ हजारांहून जास्त माणसं. 'लासी' म्हणतात तिला. त्यात घरोघर जाऊन बीपी मोजलं, वजन-उंची घेतली, चालायला लावलं आणि मूठ पण मोजली. म्हणजे हे फक्त परदेशातल्या लोकांचं खूळ नाही.

आता हात आणि हृदयाचा संबंध काय? शेतकऱ्याला हे समजायला सोपं आहे. झाडाचं पान मलूल दिसलं की आपण मुळाशी उकरून बघतो. पान ही खूण असते. तसंच मुठीचा जोर ही सगळ्या अंगातल्या स्नायूंची खूण. माणूस कमी हलतो, कमी खातो, आजारानं खाटेला धरतो, आतून सूज राहते, हृदय रक्त कमी ढकलतं, या सगळ्याचा मार स्नायूला बसतो. हाताचा स्नायू मोजायला सोपा, म्हणून तिथं दिसतं. आणि हे उलटं पण फिरतं. स्नायू कमी झाला की माणूस अजून कमी चालतो, रक्तातली साखर मुरवायला जागा कमी पडते, दम लवकर लागतो, पडायची भीती वाटते, मग तो बसूनच राहतो.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या लिंडा फ्रीड नावाच्या डॉक्टरबाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी अशा थकलेल्या शरीराच्या पाच खुणा मांडल्या: आपोआप वजन उतरणं, सतत थकवा, मुठीचा जोर कमी, चाल मंद, आणि हालचाल कमी. पाचातल्या तीन असल्या की ते शरीर थकलेलं समजायचं. मायमध्ये चार होत्या. आपण याला "वय झालं" म्हणून सोडून देतो. वय झालंच आहे, पण या पाचातल्या काही गोष्टी मागं फिरवता येतात.

इथं एक घोळ होतो, तो टाळा. पान मलूल आहे म्हणून नुसतं पानावर पाणी मारलं तर झाड सुधरत नाही. तसं नुसता चेंडू दाबला की हृदय नीट झालं, असं कोणी मोबाइलवर सांगत असेल तर मानू नका. प्युअरच्या अभ्यासातून कळतं की कमी मूठ आणि जास्त धोका बरोबर चालतात. मूठ वाढवली की मरण लांबतंच, असं त्या अभ्यासानं सिद्ध केलेलं नाही.

मूठ दाबण्याचा एक फायदा मात्र वेगळा तपासलेला आहे, तो बीपीचा. ताकदीच्या तिसऱ्या हिश्शानं मूठ आवळून दोन मिनिटं धरायची, सोडायची, थोडी विश्रांती. असं चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस, दोन-अडीच महिने. बऱ्याच चाचण्यांत यानं बसल्या वेळचं बीपी काही अंकांनी उतरलेलं दिसलं. २०२३ मध्ये ब्रिटनच्या एका क्रीडा-वैद्यक नियतकालिकात २७० चाचण्या एकत्र करून बघितल्या. न हलता एका जागी जोर धरून ठेवायचे जे व्यायाम असतात, त्यांनी वरचा आकडा सरासरी ८ नं आणि खालचा ४ नं उतरला होता. भिंतीला पाठ लावून अर्धवट बसणं आणि मूठ आवळणं हे त्यातलेच प्रकार. पण त्या चाचण्यांतली बहुतेक माणसं मायसारखी थकलेली, पंपिंग कमी असलेली नव्हती. म्हणून ताईंनी मायला तो दोन मिनिटांचा प्रकार दिलाच नाही. तिचा हिशोब वेगळा बसवला.

आमच्या घरी काय चालतं ते सांगतो. हे मायसाठी डॉक्टर आणि ताईंनी बघून ठरवलेलं आहे. तुमच्या माणसासाठी त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

पहिलं, मूठ. जुन्या लुगड्याचा हातात मावेल एवढा गोळा केला. खुर्चीत बसून, निम्म्यापेक्षा कमी जोर लावून पाच अंक मोजेपर्यंत दाबायचं, सोडायचं, दहा अंक थांबायचं. सुरुवातीला प्रत्येक हाताला पाच वेळा. आता दहा वेळा जमतं.

दुसरं, श्वास. सगळ्यात महत्त्वाचं हे. जोर लावताना श्वास कोंडला की बीपी एकदम वर चढतं. थकलेल्या हृदयाला ते चालत नाही. ताईंनी सांगितलं, "आजी, मोठ्यानं मोजा. तोंड बोलतंय म्हणजे श्वास चालू आहे." मायला आकडे मोजायचा कंटाळा येतो. ती म्हणाली, "मोजू कशाला, ओव्या म्हणते." जात्यावर बसलेली बाई गात का होती याचं हे एक कारण मला इतक्या वर्षांनी सापडलं. गाणारीचा श्वास कोंडत नाही. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईचं नाव घेऊन माय गोळा दाबते, आणि शेजारची पोरं ऐकायला बसतात.

तिसरं, पाय. ताईंचं म्हणणं, हात ही खूण आहे, पण माणसाला उभं ठेवतात ते पाय. खुर्चीतून उठायचं, परत बसायचं. आधी हाताचा आधार घेऊन तीन वेळा, आता आधाराशिवाय पाच वेळा, दिवसातून दोनदा. मागं कोणीतरी उभं असतंच. आणि घरापासून गोठ्यापर्यंत चालणं, सकाळ-संध्याकाळ.

चौथं, हाताचं काम. शेंगा फोडणं, लसूण सोलणं, तुरीच्या शेंगा सोलणं, ओला रुमाल पिळणं, मुठीएवढी कणीक मळणं. हे व्यायामाच्या नावाखाली नाही, घरातलं काम म्हणूनच. तिचं मन यात जास्त लागतं. गोळा दाबायचा ती टाळते, शेंगा कधी टाळत नाही.

पाचवं, खाणं. स्नायू नुसत्या कामानं भरत नाही, त्याला माल लागतो. म्हाताऱ्या माणसाला किलोमागं रोज १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं असं तज्ज्ञ सांगतात. मायचं वजन ४२ किलो, म्हणजे ४२ ते ५० ग्रॅम. ती खायची काय? अर्धी भाकर, भाजीचं पाणी आणि चहा. आता दोन वेळा घट्ट वरण किंवा पिठलं, सकाळी अंडं, दोन वेळा दूध. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढंच, वाटीभर घट्ट वरणात ७ च्या आसपास, आणि शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात १० च्या जवळ. हिशोब घरच्या घरीच जमतो, डब्यातली पावडर घ्यायची गरज आम्हाला पडली नाही. मीठ मात्र कमी. लोणचं, पापड, ठेचा बंद, त्यावरून रोज भांडण. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारावंच लागतं. पंपिंग कमी असेल तर दूध-पाण्याचं माप पण त्यांनाच विचारा.

गोळ्या एकही बंद केलेली नाही. बीपी १८०-११० च्या वर असेल, छातीत दुखत असेल, पाय परत सुजले असतील, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं असेल तर व्यायाम त्या दिवशी नाही, आधी डॉक्टर.

आता अवघड भाग. लोक.

दवाखान्यातून आल्यावर बघायला येणारा प्रत्येक माणूस एकच सांगायचा, "आता हिला काडी उचलू देऊ नका." मग महिन्याभरानं तेच लोक ओसरीवर मायपुढं शेंगांचं सूप बघायचे आणि माझ्याकडं बघायचे. एक जण हसत म्हणाला, "काय मामी, लेकानं अजून रोजानं लावलं का?" हसण्यावारी नेलं, पण लागतं.

बहिणीचा फोन तर रागाचा आला. "दादा, जलमभर राबली ती. आता तरी बसू दे तिला. तुझ्या घरी शेंगा फोडायला माणूस नाही का?" तिचं चुकीचं नाही. आपल्याकडं म्हाताऱ्या माणसाला बसून खाऊ घालणं हाच मान आहे. ज्या बाईनं चाळीस वर्षं ज्वारी उपटली तिच्या हातातलं काम काढून घेणं म्हणजे तिचे उपकार फेडणं, असंच आपण समजतो. मला फोनवर नीट बोलता येईना. मायनं फोन मागून घेतला आणि म्हणाली, "पोरी, संडासाची कडी लागली पाहिजे मला. बाकी तुम्ही भाऊ-बहीण बघा काय ते."

बहीण दिवाळीला आली, चार दिवस राहिली. तिला अजून सगळं पटलेलं नाही. पण जाताना मायसाठी मऊ रबराचा चेंडू आणून ठेवला.

मला जे समजलं ते असं. राबवून घेणं वेगळं आणि हात चालता ठेवणं वेगळं. राबताना माणसाला थांबायची सोय नसते, पोटासाठी ओढावंच लागतं. इथं माय दमली की सूप बाजूला सारते, झोपते, कोणी विचारत नाही. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतातल्या बायांचे कष्ट कमी करायच्या साधनांवर बरीच वर्षं काम चाललंय. अशा अभ्यासात काम सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर मूठ मोजायची पद्धत आहे. जोर किती उतरला त्यावरून काम किती दमवतं ते कळतं. म्हणजे जास्त कामानं पण मूठ थकते आणि बिनकामानं पण. मधला रस्ता धरायचा आहे.

चार महिन्यांत मायचा आकडा ९ वरून १३ वर आलाय. १८ च्या खालीच आहे अजून. हार्टचं पंपिंग चेंडूनं वाढलं असं मी म्हणणार नाही, त्याला गोळ्या आहेत, मीठ कमी केलंय, चालणं आहे. पण तांब्या निसटत नाही. गोळीचं पाकीट स्वतः फोडते, आणि कडी लागते. पहिल्या दिवशी कडी लागल्यावर आतूनच ओरडून सांगितलं तिनं.

या वयात काय होणार, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक जुना अभ्यास सांगतो. १९९० मध्ये अमेरिकेत बोस्टनला वृद्धांच्या संस्थेत राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा थकलेल्या माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायचा व्यायाम दिला, जाणकार माणसांच्या देखरेखीखाली. नऊ जणांनी तो पुरा केला. पायांची ताकद सरासरी पावणेतीन पटीच्या जवळ गेली. नव्वदीतला स्नायू पण काम दिलं तर ऐकतो.

शेवटी आपल्या वयाच्या, पन्नाशीतल्या मंडळींना. "शेतकऱ्याला व्यायाम कशाला" हे आपलं ठरलेलं वाक्य आहे. पण नांगर ट्रॅक्टरनं, मळणी मशीननं, आणि रानात जायला मोटारसायकल. आपला हात आपल्या बापाएवढा काम करत नाही. बीपी तपासायला जाल तेव्हा मूठ मोजायची सोय असेल तर मोजून घ्या, वहीत लिहून ठेवा, वर्षानं परत मोजा. यंत्र नसेल तर घरच्या खुणा बघा: बाटलीचं झाकण फिरतं का, ओलं धोतर पिळतं का, खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का.

आणि एक गोष्ट कधी विसरू नका. हळूहळू कमी झालेला जोर वेगळा. अचानक एकाच हातातला जोर गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो लकव्याचा झटका असू शकतो. तिथं चेंडू नाही, मालिश नाही, वाट बघणं नाही. लगेच १०८ ला फोन करून मोठ्या दवाखान्यात. पहिल्या काही तासांतच उपचाराचा उपयोग जास्त होतो.

तुमच्या घरी म्हाताऱ्या माणसाच्या हाताला काय काम ठेवलंय ते कळवा. शेंगा आता संपत आल्यात, मायला पुढच्या महिन्यासाठी काहीतरी शोधायचंय. गोळा तर ती दाबायची नाही.